सुसरीला लागलेला काना

छापखान्यात तिला सगळे वेलांटीताई म्हणत. हे नाव सव्वीस वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी ठेवलं, तेही रागानं. कामाला लागून जेमतेम आठवडा झाला होता, आणि या पोरीनं छापखान्याच्या दारावरच्या पाटीतलीच चूक काढली. पाटीवर ‘पत्रीका छापून मिळतील’ असं होतं. तिनं आत जाऊन सांगितलं, “वेलांटी पहिली हवी.”

“पंधरा वर्षं ही पाटी इथं आहे. कुणाचं काही अडलं नाही,” मालक म्हणाले.

“अडलं नसेल. पण चुकलंय.”

मालकांनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी रंगारी शिडी घेऊन आला, आणि पोरीची वेलांटीताई झाली.

प्रुफं तपासायची, हे तिचं काम. औषधांच्या बाटलीबरोबर येणारे घडीचे कागद, शाळांच्या प्रश्नपत्रिका, साबणाची वेष्टणं, पतपेढीचे अर्ज. तिचं टेबल खिडकीपाशी, कटिंग मशीनच्या शेजारी. दर मिनिटाला मशीनचं पातं खाली येई, टेबल हादरे, तिच्या लाल पेनाचं टोक मात्र हलत नसे. थोरल्या मालकांचा एक नियम होता, तो त्यांच्या मागेही टिकला. शेवटच्या प्रुफावर ‘पाहिले’ असं लिहून खाली सही झाल्याशिवाय मशीनवाला मशीनला हात लावत नसे.

वाचायची तिची रीत उलटी होती. शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. सरळ वाचलं की अर्थ बोट धरून पुढे नेतो आणि चुका मागे राहतात, असं ती म्हणे. ही सवय छापखान्यापुरती राहिली नव्हती. किराणावाल्याच्या पाटीवरचा ‘शुध्द’ तिनं ‘शुद्ध’ करून घेतला होता. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत भिंतीवरच्या सूचना वाचून ती नर्सबाईंना बोलवी, आणि नर्सबाई लांबूनच म्हणत, “आल्या का?”

तिच्या सासूबाईंना हे सगळं थोतांड वाटे. “काना असला काय नि नसला काय, माणसाला कळतं की,” त्या म्हणत. पण त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेण्यासारखं नव्हतं, कारण तेव्हा त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं.

नवरा मालाचा ट्रक चालवायचा. रस्त्यावरच गेला, तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. माहेरची माणसं तिला न्यायला आली. बैठकीत सगळे हळू आवाजात बोलत होते. सासूबाई मधेच उठल्या आणि म्हणाल्या, “ती कुठं जाणार? तिला कामावर जायचंय. पोराला मी बघते.” पुढे कधीतरी वेलांटीताईनं विचारलं, “आई, तेव्हा तुम्ही मला ठेवून का घेतलंत?” तर म्हणाल्या, “दोघी रडत बसलो असतो तर स्वयंपाक कुणी केला असता?” त्या घरात गोड बोलण्याची पद्धत नव्हती. भाजीत मीठ कमी, चादरीची घडी वाकडी, नळ नीट बंद केला नाहीस, असं दिवसभर चाले. मुलगा मोठा होऊन दुसऱ्या गावी नोकरीला गेला, तरी दोघींची ही कुरबुर चालूच होती. घरात रेडिओ लावून ठेवावा तशी.

वेलांटीताई रद्दीतली प्रुफं घरी आणी, आणि सासूबाई ती फळ्यांवर डब्यांखाली अंथरत. एकदा डबे पुसता पुसता त्यांनी विचारलं, “हे काय लिहिलंय गं?” पंचावन्नाव्या वर्षी असं त्यांचं शिक्षण सुरू झालं. त्यांनी आयुष्यात वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य होतं, ‘औषध लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.’ बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून त्या वाचत. कागदावर जे असेल तेच वाचत, त्यात मनचं घालत नसत. तीन वर्षांत त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या वाचून काढल्या.

गेल्या वर्षी वेलांटीताईच्या डोळ्यांवर सायीसारखं काही आलं. आधी अक्षरांच्या कडा गेल्या, मग अनुस्वार गेले. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एकामागून एक काढायचे आणि दोन महिने तरी बारीक अक्षरं बंद.

दोन महिने! बाइंडिंगवाले काका गुडघ्यासाठी एवढ्याच रजेवर गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या जागी कागदाच्या घड्या घालणारं मशीन उभं होतं. काकांनी त्या मशीनभोवती एक फेरी मारली, सगळ्यांना हात जोडले आणि ते घरी गेले. धाकटे मालक वाईट माणूस नव्हते, पण त्यांना नव्या वस्तूंची फार हौस. “ताई, आता संगणकच चुका काढतो म्हणे,” असं ते अधूनमधून हसत म्हणत. वेलांटीताईही हसे, आणि रात्री तिला झोप लागत नसे.

म्हणून तिनं डोळ्यांचं कुणालाच सांगितलं नाही. घरी मात्र लपवणार कसं? तिनं दुधाऐवजी ताक चहात ओतलं, त्या दिवशी सासूबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. त्यांचे स्वतःचे मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच काढलेले होते.

“कधीपासून?”

“झाले चार महिने.”

“आण ते कागद इकडे.”

तेव्हापासून रोज सकाळी, उजेड चांगला झाला की दोघी खिडकीशी बसत. सासूबाई वाचत, अगदी काना-मात्रा सांगून, आणि ती ऐके. कुठे खटकलं की सासूबाईंचं बोट ज्या जागी असे तिथे ती लाल खूण करी. दहा वाजता छापखान्यात जाऊन ‘पाहिले’ लिही आणि सही करी. ते ‘पाहिले’ आता अर्धंच खरं होतं. पण चुका सापडत होत्या. आधीपेक्षा जास्तच सापडत होत्या.

अशात कार्डांचं काम आलं. मुलं जमवतात, बदलतात, ज्यांच्यासाठी भांडतात, ती कार्डं. नाव होतं ‘भयंकर साठ’. चाळीस धोकादायक प्राणी आणि वीस काल्पनिक. पुढच्या बाजूला चित्र, मागे नाव, राहण्याची जागा, शस्त्र, स्वभाव आणि धोका दहापैकी किती ते. काल्पनिक कार्डांच्या कोपऱ्यात एक चांदणी, म्हणजे ड्रॅगन खरंच कुठे राहतो असं पोरांना वाटायला नको. एका पाकिटात पाच कार्डं, आणि धोका नऊ किंवा त्याहून जास्त असलेली मुद्दाम कमी छापायची.

मजकूर लिहिणाऱ्यानं ऐन वेळी टांग दिली, तेव्हा धाकटे मालक म्हणाले, “ताई, तुम्ही इतकं वाचता, चार-चार ओळी लिहा की.” ती नको नको म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयातून प्राण्यांची पाच पुस्तकं घेऊन आली. भिंगातून वाचून, मोठ्या अक्षरात तिनं साठही कार्डं लिहिली. जन्मात पहिल्यांदाच ती दुसऱ्याचं तपासत नव्हती, स्वतःचं लिहीत होती. ‘मगर’ हे नाव मालकांना नको होतं. दुसऱ्या एका कंपनीच्या कार्डावर मगर आहे, आपल्याकडे सुसर घ्या, म्हणाले. तिनं सुसर लिहिली.

कार्डांची प्रुफं वाचताना सासूबाई रंगात आल्या होत्या.

“तीन डोक्यांचा कुत्रा. याला खायला किती लागत असेल गं?”

“पोट एकच असेल, आई.”

“मग तिघं भांडत असतील. जलपरी. पाण्यात राहून हिचे केस कसे वाळतात?”

“चांदणी आहे ना त्यावर? मग खरी नाही ती. वाचा पुढे.”

एका सकाळी मात्र त्या एका कार्डाशी थांबल्या. बोट ओळींवरून शेवटपर्यंत गेलं, परत वर आलं.

“वाचा ना, आई.”

“वाचलं मनात. बरोबर आहे.”

“मोठ्यानं वाचा, मला ऐकायला हवं.”

“म्हटलं ना, बरोबर आहे,” असं म्हणून त्यांनी तो कागद पालथा घातला आणि पुढचं घेतलं. “विंचू. व ला पहिली वेलांटी आणि वर टिंब.”

तिला वाटलं, घसा दुखत असेल. कामावर जायची घाई होती. तिनं तो विषय सोडून दिला.

त्यानंतर घरात एक विचित्र शांतता आली. सासूबाई भाजीला नावं ठेवीनात. चादरीची घडी वाकडी असली तरी बोलेनात. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवत. सकाळचं वाचन चालू होतं, पण जलपरीच्या केसांसारखं काही विचारणं बंद झालं. पहिले आठ दिवस वेलांटीताईला जरा बरं वाटलं. मग करमेना. गुडघे दुखत असतील, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. असे दोन महिने गेले.

आणि मग एका रविवारी शेजारची नऊ वर्षांची मुलगी धावत आली. दोघी दारापाशी शेंगा सोलत होत्या.

“काकू, काकू, ही कार्डं तुमच्या छापखान्यातली ना? मला सासर मिळालं!”

“काय मिळालं?”

“सासर! आमच्या वर्गात फक्त तिघांना मिळालंय. त्याला दोन वाघ आणि एक ड्रॅगन देत होते, पण मी देणारच नाही. आई म्हणाली, हे जपून ठेव, कामाला येईल.”

सासूबाई शेंगांची परात तशीच ठेवून आत निघून गेल्या.

वेलांटीताईनं कार्ड हातात घेतलं. हिरवट पाणी आणि त्यात एक लांबट काळं, एवढंच तिला दिसलं. तिनं आतून भिंग आणलं, उजेडात जाऊन कार्ड पालथं केलं आणि नाकाला लावलं. मोठ्या ठळक अक्षरात होतं, ‘सासर’. खाली तिचंच लिखाण. ‘डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या पाण्यावर ठेवून तासन्तास निश्चल पडून राहते. जबड्यात सापडलेले सहसा सोडत नाही. पिल्लांना मात्र तोंडात धरून अलगद पाण्याकडे नेते. धोका: ९.’

उकार गेला होता आणि काना लागला होता. तिनं भिंग पदरानं पुसून पुन्हा वाचलं. तपासणाऱ्याचं डोकं तरीही चालूच होतं. ती सुसर पडून राहते, ते सासर पडून राहते. क्रियापदानंही चूक उघडी पाडली नव्हती. पूर्ण मजकुरात खटकेल असा एक शब्द नव्हता.

सोमवारी छापखान्यात हसण्याची लाट आली होती. मशीनवाला म्हणाला, “ताई, आमच्या हिनं ते कार्ड आरशाला चिकटवलंय. माझी आई आली की त्यावर टॉवेल टाकते.” टाइप करणारी मुलगी मात्र संगणकामागे रडत बसली होती. लग्नाची रजा संपवून ती ज्या दिवशी कामावर आली, त्याच दिवशी ते पान तिनं टाइप केलं होतं.

“ताई, मी मुद्दाम नाही हो केलं. घरी कळलं तर काय म्हणतील मला?”

“टाइप करायचं काम तुझं, पकडायचं माझं,” वेलांटीताई म्हणाली. “तुझं नाव कुठे येणार नाही. डोळे पूस आधी.”

धाकट्या मालकांनी आत बोलावलं. त्यांच्यासमोर ते प्रूफ पडलेलं होतं. खाली ‘पाहिले’ आणि तिची सही.

“एका आजीबाईंनी दुकानात जाऊन भांडण केलंय. आमच्या घराची बदनामी छापली म्हणाल्या. दुकानदार सांगतो, पोरं सासरच मागतायत. मी हसू का रडू?” ते खरंच अर्धे हसत होते. मग थांबले. “ताई, सव्वीस वर्षांत तुमच्या हातून असं झालेलं नाही. एवढं ठसठशीत अक्षर! खरं सांगा, डोळे ठीक आहेत ना?”

तिला बाइंडिंगवाल्या काकांचे जोडलेले हात आठवले.

“उद्या सांगते,” ती म्हणाली.

“यात उद्या काय सांगायचंय?”

“घरी एकदा विचारायचंय मला.”

ती अर्धा दिवस रजा टाकून घरी आली. सासूबाई पलंगावर बसून उशीला अभ्रा घालत होत्या.

“आई, ते कार्ड तुमच्या हातून गेलंय. तुम्ही वाचलंत आणि बोलला नाहीत?”

“बरोबर होतं.”

“काय बरोबर होतं? सासर काय प्राणी आहे?”

“मी कोण खोडणारी?” सासूबाईंनी उशीवर थाप मारली. “सगळं तूच लिहिलं होतंस ना? रात्रंदिवस बसून लिहीत होतीस. मला वाटलं, हेही तूच लिहिलंस. माणसाच्या मनात असतं ते कधीतरी बाहेर येतं. आलं. मी काय म्हणणार?”

वेलांटीताईनं त्यांच्याकडे पाहिलं. धूसर दिसत होतं, पण त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या आहेत एवढं कळत होतं.

“अहो, मी सुसर लिहिली होती. सु! स ला पहिला उकार! टाइप करणाऱ्या पोरीनं चुकून काना दिला.”

“चांदणी नव्हती त्यावर,” सासूबाई म्हणाल्या. “मी परत परत बघितलं. चांदणी असती तर म्हटलं असतं, गंमत केलीय. पण नव्हती. म्हणजे खरंच.”

“आई…”

“बरं, वाचलं तर सगळं जुळत होतं. तासन्तास पडून राहते. राहतेच की मी, गुडघ्यांमुळे. सापडलेलं सोडत नाही. तुझ्या माहेरचे न्यायला आले तेव्हा मी सोडलं नाही तुला. तुला जायचं होतं की काय, कुणी विचारलं होतं? मीही नाही विचारलं.” त्यांनी उशी मांडीवर घेतली. “नऊ दिलेस. दहा नाही दिलेस, तेवढंच बरं वाटलं.”

वेलांटीताईला हसू आलं, आणि ते मधेच कुठेतरी मोडलं. ती पलंगावर टेकली.

“दोन महिने तुम्ही हे घेऊन बसला होतात? म्हणून ताट घासत होतात?”

“धोका कमी करत होते,” सासूबाई म्हणाल्या. “त्या शेवटच्या वाक्याचा तेवढा मला अर्थ लागला नाही. वर सगळं भयंकर आणि खाली पिल्लांना अलगद नेते म्हणे. मग ती चांगली का वाईट?”

“सुसर आहे ती, आई. पिल्लांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. एकाला दात लागत नाही. पुस्तकात होतं.”

“असं?” सासूबाईंनी विचार केला. “मग ते सासराला लिहिलं असतं तरी चाललं असतं.”

“चाललं असतं,” ती म्हणाली. “आणि मला तेव्हा जायचं नव्हतं.”

“मग भाजीत मीठ नीट घालत जा. दोन महिने अळणी खातेय मी.”

दुसऱ्या दिवशी ती धाकट्या मालकांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. डोळे, डॉक्टर, सकाळचं वाचन, सासूबाईंचं बोट. ते कार्ड सासूबाईंनी का सोडलं, हेही सांगितलं. मालकांनी बोटांवर महिने मोजले.

“म्हणजे सात-आठ महिने आपली सगळी प्रुफं तुमच्या सासूबाई वाचतायत?”

“हो.”

“आणि त्यांचं शिक्षण?”

“डब्यांखालचे कागद.”

मालकांनी कपाळावर हात मारला. “ताई, मी काय करू सांगा. दोन महिने तुमची खुर्ची रिकामी ठेवायची म्हणजे… मी संगणकावरच तपासून घेतो. चुका काढणारा तो प्रोग्रॅम आणलाय, तो पडूनच आहे.”

हेच वाक्य ऐकायची भीती तिला वर्षभर वाटत होती. आता ते ऐकल्यावर मात्र तिचा आवाज अगदी रोजचा निघाला.

“घ्या तपासून. हेच पान घाला आधी.”

टाइप करणारी मुलगी आली. तिनं ते पान उघडलं, प्रोग्रॅम चालू केला. ‘तासन्तास’खाली लाल रेघ आली. ‘नाकपुड्या’खाली आली. दोन्ही शब्द बिनचूक होते. ‘सासर’खाली काहीच आलं नाही.

“नाही येणार,” वेलांटीताई म्हणाली. “त्याच्या दृष्टीनं शब्द बरोबर आहे. सासूबाईंचं तेच झालं. पण त्यांना आता सांगितलंय मी. यापुढे त्या मनात वाचणार नाहीत.”

मालकांनी पडद्याकडे पाहिलं, मग प्रुफाकडे. मशीनवाला दारातून डोकावून म्हणाला, “साहेब, सासर परत छापायचं का सुसर? मशीन थांबलंय.”

“सुसर!” मालक ओरडले, आणि मग हळू म्हणाले, “एक डोळा आत्ता, दुसरा महिन्यानं. प्रुफं घरी पाठवतो. आजींना म्हणावं, मोठ्यानं वाचा. पण ताई, दोन महिन्यांनी नाही जमलं, तर मला बघावं लागेल.”

“बघा,” ती म्हणाली. “त्यासाठीच डोळे नीट करून घेतेय.”

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी छापखान्यातून लिफाफा आला. वेलांटीताई काळा चष्मा लावून पडली होती. सासूबाई खिडकीशी बसल्या, त्यांनी पदरानं बोट पुसलं आणि कागदावर ठेवलं.

“स ला पहिला उकार, सु. स. र. सुसर. बघितलंस? काना नाही.”

“पुढे.”

त्यांनी सगळं वाचलं, पिल्लांपर्यंत. मग बोट शेवटच्या आकड्यावर ठेवलं.

“धोका नऊच ठेवायचा?”

“कमी करू?”

“नको,” सासूबाई म्हणाल्या. “राहू दे. पोरांनी जरा घाबरलेलं बरं असतं.”

सही करायची वेळ आली. वेलांटीताईनं त्यांना पेन दिलं आणि जागा सांगितली. सासूबाईंनी जीभ दातांत धरून, अक्षराला अक्षर लावून ‘पाहिले’ लिहिलं. मग वेलांटीताईनं चष्म्याआडून चाचपडत त्याच्याशेजारी एक शब्द लिहिला, आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

“वाचा.”

“ऐ. क. ल ला मात्रा, ले. ऐकले,” सासूबाईंनी वाचलं. “ओळ वाकडी गेलीय तुझी.”